वाट्याची घरं

"आणि तुमच्याकडून पाठराखीण कोण?" मध्यस्थबाईंनी चहाचा पेला खाली ठेवत विचारलं.

"म्हणजे?" मी म्हणाले.

"म्हणजे काय म्हणजे? दोऱ्यानं नवरीची लव कोण काढणार, अंबाडा कोण घालणार, मंगल ओव्या कोण म्हणणार, नावेत तिच्याशेजारी कोण बसणार? तोंगांच्या घरी रीतभात यथासांग लागते. तोंगबाईंनी मला बजावून सांगितलंय, लोकांना बोट दाखवायला जागा नको."

मी त्यांच्या पेल्यात चहा ओतला. पेला भरलेलाच होता, चहा टेबलावर वाहिला. वर्षभर मी माझ्या लेकीच्या, सूयुनच्या लग्नाचा विचार करत होते. रजया शिवून झाल्या होत्या, पेट्या रंगवून झाल्या होत्या, आणि हा एक प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता. त्याला कारण होतं. तिशी उलटेपर्यंत पाठराखीण मीच होते. माझी आई पाठराखीण, सासू पाठराखीण. आम्ही लोकांकडे जायचो. कुणी आपल्याकडे यायचं असतं हे आमच्या डोक्यात येणार कुठून?

तुम्हा नव्या लोकांना हे सांगायला हवं, कारण आता याबद्दल कुणी बोलत नाही. आमचं शाओशिंग कालव्यांचं शहर. त्यात एका कडेला आमची वस्ती होती, आणि शहरातले लोक आम्हाला पडीक म्हणत. कुठल्या जुन्या राजवटीत आमच्या पूर्वजांनी काय गुन्हा केला होता कोण जाणे, पण शिक्षा मात्र आम्ही पिढ्यानपिढ्या भोगत होतो. पुरुषांनी लग्नामयताला सनया वाजवायच्या, बेडूक पकडून विकायचे. बायकांनी पाठराखणी करायची. शाळेची पायरी चढायची नाही, बाहेर सोयरीक करायची नाही, कुणाच्याही घरी मागच्या दारानं जायचं. सगळीकडून बंद. फक्त एक गोष्ट आमची स्वतःची होती, ती म्हणजे घरं.

शहरातली प्रत्येक गल्ली आमच्यातल्या कुणा ना कुणा बाईच्या वाट्यात असे. त्या घरात लग्न निघालं, बाळंतपण आलं, सणवार आला की तिनंच जायचं. दुसरीनं उंबऱ्याला पाय लावायचा नाही. हा हक्क सासूकडून सुनेला जाई, आईकडून लेकीला आंदण मिळे. घरमालकांना यातलं काही ठाऊक नसे. त्यांना वाटे मावशी आपल्याकडे कामाला आहेत. आमच्या दृष्टीनं ते घर आमचं होतं.

मग पेकिंगच्या गादीवर नवा बादशहा आला. तो झोपत नाही, राज्यातला प्रत्येक कागद स्वतः वाचतो आणि त्यावर लाल शाईनं लिहितो, असं लोक सांगत. शेतसाऱ्याची पद्धत त्यानं बदलली, अधिकाऱ्यांचं लाच खाणं आवळलं, आणि एवढ्या मोठ्या राज्यातून त्याची नजर नेमकी आमच्या वस्तीवर पडली. फर्मान निघालं. पडिकांनी आपला धंदा सोडावा, आणि सोडला की त्यांची नावं इतरांसारखी रयतेच्या पटावर लागावीत. कचेरीसमोर ते वाचून दाखवलं तेव्हा आमची माणसं गप्प उभी होती. कुणी हसलं नाही की रडलं नाही. मला आठवतं, मी फार दमलेली होते. एका लग्नघरी तीन दिवस उभी राहून आले होते.

सासूबाईंना मी घरी येऊन सांगितलं. त्या मोहरीचा पाला मिठात दाबत होत्या.

"धंदा सोडावा," त्या म्हणाल्या. "आणि करावं काय?"

"काहीही," माझा नवरा शोरन म्हणाला. "आई, काहीही करता येईल आता."

"तुला सनईशिवाय काय येतं?"

"शिकेन."

"आणि माझी घरं?"

 सासूबाईंनी हात पुसले. त्या उंच बाई, वस्तीतल्या सगळ्यांत उंच. उभ्या राहिल्या की बोलणाऱ्याला मान वर करावी लागे.

"बादशहाला कुणीतरी सांगितलं असेल की इथे काही बायका मागच्या दारानं जातात. त्याला वाईट वाटलं. चांगला माणूस असेल. पण पुढच्या दारापाशी गेल्यावर आत कोण घेईल, हे कुणी लिहिलंय का त्या कागदात? मला चाळीस घरांत ओळखतात. तुम्हाला कोण ओळखणार?"

"सूयुनला तरी यातून बाहेर काढू द्या," मी म्हणाले.

त्यांनी मिठाचं भांडं झाकलं. मग म्हणाल्या, "काढ. मी आड येत नाही."

नाव रयतेत लावायचं तर घरात कुणीही धंदा करता कामा नये, अशी शेजाऱ्यांची हमी लागे. म्हणजे आम्हाला वेगळं व्हावं लागलं. आम्ही रंगाऱ्यांच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. शोरन कथील ठोकायच्या कारखान्यात लागला. पितरांना जाळायच्या चंदेरी कागदासाठी कथलाचा पातळ वर्ख करतात, ते काम. बोटांत सूर असलेला माणूस दिवसभर हातोडा मारायला लागला. वर्षभरात त्याला कमी ऐकू यायला लागलं. मी घरी बसून चपलांचे तळ शिवत असे. सासूबाई वस्तीत राहिल्या. आधी आम्ही सणाला जायचो, मग शेजारच्या कुणी पाहिलं तर हमी जाईल म्हणून तेही बंद पडलं. मोकळं होण्याचं काम इतकं कष्टाचं असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि एवढं करून सूयुनला स्थळ आलं. तोंगांचं, सोयाबीनची चटणी करणारे, स्वतःचं दुकान, अंगणात मोठे मोठे रांजण. म्हातारा तोंग बादशहाच्या फर्मानाबद्दल कौतुकानं बोलायचा आणि आपण ते पाळतो हे लोकांना दिसावं असं त्याला वाटायचं. त्याच्या बायकोला मात्र एवढं कौतुक नव्हतं. तिनं एकच अट घातली होती, ती मध्यस्थबाई मला त्या दिवशी पुन्हा सांगत होत्या.

"जुन्या वस्तीशी काडीचाही संबंध नको. आणि राग मानू नका, पण लग्नानंतर तुमचंही येणंजाणं बेतानंच. नव्या वर्षाला वगैरे."

"बरं," मी म्हणाले.

"एक मी आपलं सांगून टाकलंय. तुमच्या सासूबाई वारल्या म्हणून. उगाच चौकशा नकोत. आणि पाठराखीण चांगली बघा. तोंगांच्या आत्याबाई स्वतः वरातीची नाव घेऊन येणार आहेत, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

मध्यस्थबाई गेल्यावर मी टेबल पुसलं आणि तशीच वस्तीत गेले. माझी चुलत जाऊ शिउ तिथे राहायची. तीही पाठराखीण, माझ्यापेक्षा लहान, हाताला चलाख. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तू ये."

ती गोंधळली. "मी कशी येऊ? तुम्ही राहता कुठे?"

"रंगाऱ्यांच्या गल्लीत."

"अहो मग?" शिउ माझ्याकडे बघत राहिली. "रंगाऱ्यांची गल्ली कुणाच्या वाट्यात आहे?"

 रंगाऱ्यांची गल्ली, तिच्या पुढची पुलापर्यंतची गल्ली, पुलापलीकडची तांदळाची पेठ, हे सगळं सासूबाईंचं होतं. खोल्या बघायला आलो तेव्हा मी ती गल्ली निवडली होती, कारण मला तिथली घरं माहीत होती, माणसं माहीत होती, विहिरीचं पाणी गोड आहे हे माहीत होतं. माहीत का होतं, याचा विचार मी केला नव्हता. मी सासूबाईंच्याच वाट्यात राहायला गेले होते.

"दुसऱ्या कुणाला विचारू का?"

"कुणी येणार नाही," शिउ म्हणाली. "तुम्हालाच ठाऊक आहे. तुम्ही तरी गेला असता का?"

नसते गेले. माझ्या सख्ख्या मैत्रिणीनं पाय धरले असते तरी नसते गेले.

सासूबाईंची खोली शिउच्या घरापासून चार दारं पलीकडे. मी किती दिवसांनी तिथे गेले होते ते सांगत नाही. त्या आत दोऱ्याला मेण लावत बसल्या होत्या. केस पुष्कळ पिकले होते. मी दारात उभी राहिले, आणि त्यांनी वर न बघता म्हटलं, "बस."

मी बसले. सूयुनचं लग्न ठरलं, म्हणाले. तोंगांकडे. पाठराखीण हवी आहे, म्हणाले.

"कधी आहे?"

मी दिवस सांगितला.

"येते," त्या म्हणाल्या.

एवढंच. मी भांडणाची तयारी करून गेले होते, टोमणे ऐकायची तयारी करून गेले होते. त्या इतक्या चटकन हो म्हणाल्या की मला उलट भीती वाटली. त्यांच्या मनात काय आहे? तिथे सगळ्यांसमोर त्यांनी नातीला नात म्हटलं, तर लग्न तिथेच मोडणार होतं. मोडलं असतं तर सूयुन ना इकडची ना तिकडची. तिला दुसऱ्यांदा कुणी विचारलं नसतं.

"आई," मी म्हणाले, "एक गोष्ट आहे. त्यांना सांगितलंय की तुम्ही..."

"गेले?"

मी मान खाली घातली.

"कशानं गेले?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "ते तरी ठरवलंय का? उद्या कुणी विचारलं तर मलाही ठाऊक हवं."

लग्नाच्या दिवशी सकाळी त्या मागच्या दारानं आल्या. काळा अंगरखा, निळा घागरा, काखेत निळ्या चौकड्यांचं बोचकं. मी दार उघडलं. त्या कमरेत वाकल्या.

"मालकीणबाई, अभिनंदन."

 घरात तोंगांच्या आत्याबाई येऊन बसल्या होत्या, दार उघडं होतं. "या, मावशी," मी म्हणाले. ती हाक मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली होती. माझ्या तोंडातून ती अगदी सहज बाहेर पडली, याचंच मला वाईट वाटलं.

शोरन पुढच्या दारापाशी पाहुण्यांचं स्वागत करत होता. त्यानं आईला पाहिलं आणि पुन्हा पाहुण्यांकडे वळला. त्या दिवशी पाहुणे काही बोलले की तो दोनदा "काय?" म्हणायचा. लोकांना वाटलं कारखान्यामुळे.

सासूबाईंनी सूयुनला आरशासमोर बसवलं. पीळ दिलेल्या दोऱ्याची कैची तिच्या कपाळावरून, गालांवरून फिरवायला सुरुवात केली. मी पुष्कळ पाठराखिणी पाहिल्या आहेत, मीही बरी होते, पण त्या दिवशीसारखं काम मी पाहिलं नाही. सूयुनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दुखतंय का नवरीबाईंना?" आत्याबाईंनी विचारलं.

"पहिल्यांदा दुखतंच," सासूबाई म्हणाल्या. "डोळे मिटा, ताईसाहेब. आता थोडंच राहिलंय."

ताईसाहेब. लहानपणी सूयुनला त्या बेडकी म्हणायच्या.

अंबाडा झाला, लाल वस्त्रं झाली, आणि मग मोठ्यांना नमस्कार करायची वेळ आली. खोलीत उत्तरेकडे खुर्च्या मांडल्या होत्या. आजोबांची, आजीची, वडिलांची, आईची. आजोबा आमच्या लग्नाआधीच गेले होते. आजीची खुर्ची, मध्यस्थबाईंच्या कृपेनं, रिकामी. पाठराखिणीनं नवरीचा कोपर धरायचा, तिला वाकवायचं, आणि कुणापुढे वाकायचं ते मोठ्यानं म्हणायचं.

"आजोबांना," सासूबाई म्हणाल्या. सूयुन वाकली.

 शोरन आपल्या हातांकडे बघत होता.

"आजीला," सासूबाई म्हणाल्या.

सूयुन वाकली नाही. डोक्यावरून लाल ओढणी होती, तिचा चेहरा दिसत नव्हता. पण तिचं अंग बाजूला वळायला लागलं, खुर्चीकडून कोपर धरणाऱ्या बाईकडे. आत्याबाईंनी मान उंचावली. मला वाटलं, संपलं. एवढ्या वर्षांचं ठोकणं, शिवणं, सगळं या एका वळण्यात संपलं.

सासूबाईंनी तिचा कोपर घट्ट धरला आणि तिला सरळ केलं. "ओढणीमुळे दिसत नाही बिचारीला," त्या आत्याबाईंना म्हणाल्या. मग स्वतः एक पाऊल मागे सरल्या, खुर्चीची वाट मोकळी केली, आणि पुन्हा तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या, "आजीला. समोर, ताईसाहेब."

सूयुन रिकाम्या खुर्चीपुढे वाकली.

नाव निघायच्या आधी मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई चुलीपाशी उभ्या राहून भात खात होत्या. मी स्टूल पुढे केलं.

"नको. कुणी आलं तर."

"आई, बसा."

"सूनबाई, मी उभी राहून जेवायला शिकले तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस." त्यांनी दोन घास खाल्ले. "त्या आत्याबाई खूश आहेत. मला विचारत होत्या, पुढे आमच्याकडे येत जाल का म्हणून."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? रीत आहे ती. ज्या नवरीची पाठ राखली, तिचं नवं घर आपल्या वाट्यात. विसरलीस की काय?"

विसरलेच होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मला हळूहळू उमगलं, त्या इतक्या चटकन हो का म्हणाल्या ते.

"सणाला जाईन," त्या म्हणाल्या. "बाळंतपणाला जाईन. पोर झालं की तिसऱ्या दिवशी मीच न्हाऊ घालीन. महिन्यातून दोनदा अंबाडा घालायला जाईन, पाठीमागच्या खोलीत, दार लावून. तिथे मला कोण विचारतंय मी कोण ते? पाठराखिणीचं नावही कुणी विचारत नाही." त्यांनी वाडगा खाली ठेवला. "तुला नव्या वर्षाला बोलावतील ना?"

"हो."

"ते बरं झालं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी तो हातात घेतला, थोपटला आणि बाजूला केला, कारण बाहेर आत्याबाईंची पावलं वाजली होती.

नवरीच्या आईनं घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नसतात. मी वरून पाहिलं. काळ्या छपराच्या नावेत सूयुन बसली, शेजारी सासूबाई बसल्या. नाव पुलाखाली गेली तेव्हा आतून मंगल ओव्यांचा आवाज येत होता. शोरन माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आई गाते आहे का?" मी हो म्हणाले. त्याला ते ऐकू येत नव्हतं.

सासूबाई त्यानंतर पुष्कळ जगल्या. तोंगांच्या घरची दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली. मला नव्या वर्षाला बोलावणं यायचं. पुढच्या दारानं जायचं, मधल्या दालनात चहा घ्यायचा, सगळ्यांसमोर सूयुनशी हवापाण्याचं बोलायचं, परत यायचं. ती मला "आई, बस ना अजून," म्हणायची, आणि तोंगबाई खिडकीकडे बघायच्या.

शेवटच्या दुखण्यात सासूबाईंनी आपली घरं भाच्या-पुतण्यांच्या बायकांना वाटून टाकली. तोंगांचं तेवढं मागे ठेवलं. मी गेले तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं.

"हे तुझं," त्या म्हणाल्या. "घेतेस?"

बोचकं काखेत घेतलं असतं तर मला माझी लेक दार लावून भेटली असती. पण आम्ही रयतेत होतो. सूयुनचा मोठा मुलगा शाळेत जायला लागला होता, त्याला पुढे परीक्षेला बसायचं होतं, आणि ज्याची आजी पुन्हा धंद्याला लागली त्याला परीक्षेच्या दारातूनच परत पाठवतात. शिवाय मला त्या घरात ओळखत होते.

"नाही, आई," मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. ते घर शिउला गेलं.

तो बादशहाही गेला, त्याचा मुलगा गादीवर आहे. शोरनला आता काहीच ऐकू येत नाही. शिउ तोंगांकडून परतताना माझ्या मागच्या दाराशी थांबते, मी तिला आत बसवून चहा देते आणि विचारते, माझी सूयुन कशी आहे. ती सांगते. काय खाल्लं, कशावर हसली, सासूशी कसं आहे.

परवा चहा पिता पिता ती म्हणाली, "सूयुनचे केस पिकायला लागले हो. विंचरताना पाहिले. आतल्या बाजूला, पुष्कळ आहेत."

मला ठाऊक नव्हतं.